सार्वजनिक लोकरकाम आणि सामूहिक विणकाम : 'आपली ओळख' नेमकी कशात विणायची?

उलटसुलट (धागाकर्ती)

नमस्कार. गेले सात महिने आम्ही काही जण दर पंधरवड्याला एकत्र बसून विणतो. सुरुवातीला आम्ही सहा जणी होतो. आता बावीस जण आहोत आणि त्यांत चार पुरुष व दोन शाळकरी मुलेही आहेत. येणाऱ्यांच्या मातृभाषा सहा आहेत, काहींची कुटुंबे दोन पिढ्यांपूर्वी दुसऱ्या देशातून आलेली आहेत आणि विणकाम वगळले तर आमच्यात समान म्हणावे असे फारसे काही नाही. आता वाचनालयासमोरचा लोखंडी कठडा आणि सहा खांब दोन महिन्यांसाठी लोकरकामाने मढवण्याची परवानगी आम्हाला मिळाली असून, 'आपली सांस्कृतिक ओळख' असा विषय ठरला आहे. विषय ठरला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. घोडे अडले ते त्यानंतर.

प्रत्येकाने आपल्या घरातला किंवा समाजातला परंपरागत नमुना आणावा आणि त्याचा एक चौकोन विणावा, असे आम्ही ठरवले होते. पुढच्या बैठकीला निम्म्या लोकांनी मोबाइलवर शोधलेले नमुने आणले आणि त्यांतल्या तिघांचा नमुना एकच निघाला, तोही तिघांनी वेगवेगळ्या देशांच्या नावावर खपवलेला. आमच्यात ज्यांचा हात सर्वांत सफाईदार आहे त्या काकू तर रिकाम्या हातांनीच आल्या. "आमच्याकडे नमुना वगैरे काही नव्हता. पायमोजे आणि कानटोप्या लागायच्या, त्या विणायचो. टाके मोजायचे आणि अंधार पडायच्या आत टाच वळवून घ्यायची, एवढेच आम्हाला शिकवले होते," असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, पण त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

तेव्हापासून मला प्रश्न पडला आहे, की ज्याच्याकडे दाखवण्याजोगा नमुना नाही त्याने अशा कामात आपली ओळख कशी विणायची. ज्यांनी सार्वजनिक लोकरकाम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. व्यावहारिक सूचनाही हव्यात, कारण खांबांचे घेर मोजण्यापलीकडे आमची तयारी शून्य आहे.

गुंडाळी

धागा आवडला. थोडी पार्श्वभूमी सांगते, कारण तिच्यातच तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडेल असे मला वाटते.

सार्वजनिक वस्तू लोकरीने मढवण्याच्या या प्रकाराला आज जगभर 'यार्न बॉम्बिंग' म्हणतात; त्याची सुरुवात सामान्यतः २००५ मध्ये ह्यूस्टन येथे झाली असे मानले जाते. माग्डा सायेग यांनी आपल्या दुकानाच्या दाराच्या मुठीला लोकरीचे आवरण विणून घातले आणि येणारेजाणारे थांबून त्याला हात लावू लागले. त्यात सांस्कृतिक ओळख वगैरे काही नव्हते. थंड, राखाडी धातूवर कोणीतरी हाताने केलेली ऊबदार वस्तू दिसली, एवढीच त्यातली गंमत होती.

दुसरे उदाहरण तुमच्या कामाच्या अधिक जवळचे आहे. २००६ मध्ये मारियाने यॉर्गेनसेन या डॅनिश कलावतीने इराक युद्धातील आपल्या देशाच्या सहभागाचा निषेध म्हणून कोपनहेगनमध्ये एक एम-२४ शॅफी रणगाडा गुलाबी लोकरीने मढवला. त्यासाठी स्वयंसेवकांनी १५ सें.मी. लांबीरुंदीचे चार हजारांहून अधिक चौकोन विणून दिले. हिशेब केला तर हे सुमारे ९० चौरस मीटर कापड होते, म्हणजे चार-पाच खोल्यांच्या जमिनीवर अंथरता येईल इतके. माझ्या मते यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की सगळ्यांना बांधून ठेवणाऱ्या गोष्टी दोनच होत्या : आकार आणि गुलाबी रंग. गुलाबीतही फिक्यापासून गडदपर्यंत सगळ्या छटा आल्या, काही चौकोन सुयांवर विणलेले होते तर काही क्रोशाचे होते, आणि छायाचित्रांत जवळून पाहिले तर कोणाचा हात सैल आणि कोणाचा घट्ट तेही ओळखू येते. दुरून मात्र एकच गुलाबी वस्तू दिसते.

ऑस्ट्रेलियातला '५००० पॉपीज' हा उपक्रमही पाहावा. युद्धात सेवा केलेल्या आपापल्या वडिलांच्या स्मरणार्थ दोघींनी २०१३ मध्ये लोकरी पॉपी (युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाची खूण मानली जाणारी लाल फुले) विणायला घेतली आणि २०१५ मध्ये मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये ती मांडली गेली तेव्हा त्यांची संख्या अडीच लाखांवर गेलेली होती. एकच फूल, एकच लाल रंग; पण प्रत्येकाने ते आपल्या घरातल्या कोणाच्या तरी आठवणीने विणलेले.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येकाकडे 'वेगळा नमुना' मागू नका. एक आकार आणि एक-दोन रंग पक्के करा, आणि बाकी ज्याचे त्याच्यावर सोडा.

अर्धा खांब

गुंडाळी यांच्याशी सहमत आहे, पण मला 'परंपरागत नमुना' या शब्दप्रयोगाचीच थोडी चिरफाड करायची आहे, कारण अशा कार्यशाळांमध्ये सर्वाधिक भोळेपणा याच जागी होतो.

आयर्लंडच्या अरान बेटांवरचे पांढरे, वेण्यावेण्यांच्या विणीचे स्वेटर सर्वांना माहीत असतील. प्रत्येक घराण्याची वीण ठरलेली असे आणि बुडालेल्या कोळ्याचे प्रेत किनाऱ्याला लागले की विणीवरून घराणे ओळखले जाई, ही कथा पर्यटकांना आजही मोठ्या गंभीरपणे सांगितली जाते. वस्त्रांच्या अभ्यासकांना मात्र घराण्यांच्या विणींचा कोणताही आधार सापडलेला नाही, आणि स्वेटरांचा हा प्रकार विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत घडलेला आहे. कथेचे मूळ बहुधा जे. एम. सिंज यांच्या १९०४ मध्ये रंगमंचावर आलेल्या 'रायडर्स टू द सी' या एकांकिकेत आहे. त्यात बहीण आपल्या बुडालेल्या भावाला ओळखते खरी, पण ती साध्या पायमोज्यावरून! साठ टाके घातले होते आणि त्यांतले चार गळले होते, हे विणताना तिच्या लक्षात राहिलेले असते.

हे वाचून मला नेहमी वाटते, की लोकांनी या प्रसंगातले खरे मर्म सोडून दिले आणि नसलेल्या घराणेशाहीची कथा रचली. तिथे ओळख पटते ती गळलेल्या टाक्यांवरून, म्हणजे विणणारीच्या चुकीवरून. धागाकर्तींच्या काकूंनी हे ऐकले तर त्यांना ते लगेच पटेल.

नॉर्वेतल्या सेल्बू गावाच्या काळ्या-पांढऱ्या हातमोज्यांचीही गोष्ट अशीच आहे. आठ पाकळ्यांचे ते फूल आज नॉर्वेची खूण मानले जाते, पण त्या हातमोज्यांची सुरुवात मारित एम्स्टाड या तरुण मुलीने १८५७ च्या सुमारास विणलेल्या जोडीपासून झाली असे तिथलेच लोक सांगतात. आठ पाकळ्यांची आकृती त्याआधीपासून अनेक देशांच्या विणकामात आणि भरतकामात होतीच, त्यामुळे तुमच्या तिघांनी एकच नमुना तीन देशांच्या नावावर आणला यात मला नवल वाटत नाही. तो बहुधा हाच असणार.

उलटसुलट

@अर्धा खांब, होय, तोच! आठ पाकळ्यांचा. तुमचा प्रतिसाद वाचून मला हसूही आले आणि थोडी लाजही वाटली, कारण त्या तिघांत एक मी होते.

पण मग मुळात नमुने मागणेच चुकले असे समजायचे का? काही जणांनी खरोखरच आजीच्या पेटीतून जुनी जाकिटे काढून, त्यांच्यावरून टाके मोजून आराखडे आणले आहेत. त्यांच्या उत्साहावर पाणी ओतावे असे मला वाटत नाही.

अर्धा खांब

अजिबात ओतू नका. पेटीतून काढलेले जाकीट आणि मोबाइलवरून काढलेला नमुना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाकिटाबरोबर 'हे कोणी, कोणासाठी आणि कधी विणले' हे सांगणारा माणूस तुमच्या समोर बसलेला आहे. नमुना नवा असला म्हणून तो खोटा ठरत नाही, मात्र त्याच्याविषयी खोटी वंशावळ सांगू नये इतकेच माझे म्हणणे आहे.

मोकळी लडी

इथे एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सगळे जण नमुन्याबद्दल बोलत आहेत. हाताबद्दल कोणीच बोलत नाही.

तुमच्या बावीस जणांना एकदा गोलाकार बसवा, सर्वांना एकाच जाडीची लोकर आणि एकाच मापाच्या सुया द्या, वीस साधे सुलट टाके घालायला सांगा आणि कापडाकडे न पाहता फक्त त्यांचे हात पाहा. काही जण लोकर उजव्या हातात धरून प्रत्येक टाक्याला ती सुईवरून फिरवतात. काही जण ती डाव्या तर्जनीवर ताणून धरतात आणि सुईच्या टोकाने नुसती उचलतात. पोर्तुगालमध्ये आणि अँडीज पर्वतातल्या विणणाऱ्यांमध्ये लोकर मानेमागून किंवा छातीवर लावलेल्या आकड्यातून आणण्याची रीत आहे. त्यांना उलटा टाका अंगठ्याच्या एका हालचालीत घालता येतो, त्यामुळे आपण ज्या उलट्या ओळींना कंटाळतो त्याच त्यांना सोप्या वाटतात. शेटलंड बेटांवर कमरेला चामड्याचा भोके पाडलेला पट्टा बांधून त्यात एका सुईचे टोक खोचतात, आणि बायका पूर्वी चालता चालता विणत असत त्या याच सोयीमुळे.

हे हात शाळेत शिकवलेले नसतात, पुस्तकातूनही आलेले नसतात. ज्या बाईने किंवा पुरुषाने मांडीवर बसवून शिकवले, तिची किंवा त्याची बोटे आपल्या बोटांत उतरलेली असतात आणि आपल्याला ते माहीतही नसते.

आमच्या गटातला एक प्रसंग सांगते. दोन ज्येष्ठ बायकांमध्ये एक पट्टी वाटून दिली होती. पहिलीने निम्मी विणायची, दुसरीने पुढे न्यायची. दुसऱ्या बैठकीत दोघींचे चांगलेच वाजले. पहिलीचे म्हणणे, हिने माझे टाके पिळून टाकले. दुसरीचे म्हणणे, हिनेच ते सुईवर उलटे बसवून ठेवले होते. पट्टी हातात घेऊन पाहिली तेव्हा उलगडा झाला. सुईवर बसलेल्या प्रत्येक टाक्याला दोन पाय असतात. त्यांतला उजवा पाय सुईच्या पुढे येतो की मागे जातो, हे लोकर कोणत्या दिशेने फिरवली त्यावर ठरते. एकीच्या रीतीत तो पुढे येत होता, दुसरीच्या रीतीत मागे जात होता. दोघीही बरोबर विणत होत्या, पण जिथे पट्टी एकीकडून दुसरीकडे गेली तिथे एक अख्खी ओळ पिळलेल्या टाक्यांची झाली होती. आम्ही ती उसवली नाही. ती ओळ आजही पट्टीच्या मधोमध आहे, आणि नवीन माणूस आला की दोघीही बोट ठेवून ती दाखवतात.

काकूंकडे नमुना नाही असे म्हणू नका. त्या लोकर कशी धरतात ते विचारा, टाच कशी वळवतात ते विचारा.

धावता धागा

मोकळी लडी, तुमच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी डावखुरा आहे आणि लहानपणी मला समोर बसून, आरशात पाहावे तसे शिकवले गेले. माझे कापड इतरांसारखेच दिसते, पण माझे काम अर्ध्यातून कोणालाही पुढे नेता येत नाही.

काटकोन

आता थोडे रुक्ष बोलतो, कारण उद्घाटनाच्या आदल्या रात्री रडायची वेळ येते ती मापांमुळे.

बावीस जण विणणार म्हणजे विणीचे बावीस प्रकारचे ताण, म्हणजे सैल-घट्टपणा, येणार. '३३ टाके घाला आणि ४२ ओळी विणा' अशी सूचना दिलीत, तर कोणाचा चौकोन १३ सें.मी.चा होईल आणि कोणाचा १७ चा. यावर माझा जालीम उपाय म्हणजे कोपऱ्यापासून विणलेला चौकोन. तीन टाक्यांनी सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी सुलटच विणत जा आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवा. त्रिकोण मोठा होत जाईल. त्याची कड पट्टीने मोजून १५ सें.मी. भरली, की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका घटवत शेवटपर्यंत जा. हात सैल असो वा घट्ट, चौकोन १५ चाच होतो, कारण इथे टाके मोजायचेच नसतात. नवशिक्यांनाही हे जमते आणि वाढवणे-घटवणे आपोआप शिकून होते. ज्यांना नक्षी घालायची आहे त्यांनी नक्षीचा तुकडा थोडा लहान विणावा आणि सभोवती पट्टी देऊन माप पुरे करावे.

खांबांचा हिशेब असा करा. समजा घेर ४० सें.मी. आणि मढवायची उंची दोन मीटर आहे. क्षेत्रफळ ०.८ चौरस मीटर झाले, म्हणजे १५ सें.मी.चे सुमारे ३६ चौकोन. मात्र आवरण घेराइतके विणू नका, दहा-बारा टक्के कमीच ठेवा. ते ताणून बसले पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात भिजून जड होईल आणि घसरलेल्या मोज्यासारखे खांबाच्या पायाशी गोळा होईल. मध्यम जाडीच्या लोकरीचा एक चौकोन साधारण १० ते १५ ग्रॅम खातो, त्यामुळे एका खांबाला अर्धा किलो धरून चाला. सगळे चौकोन एकाच रंगाच्या क्रोशाच्या काठाने जोडा. वेगवेगळ्या हातांचे काम एकसंध दिसते ते त्या एका काठामुळे. प्रत्येकाला आपल्या चौकोनाला निदान ३० सें.मी. लोकरीचे शेपूट सोडायला सांगा, जोडणारे तुम्हाला दुवा देतील.

शिरोरेघ

सहा मातृभाषा आहेत असे वाचले म्हणून लिहिते. आम्ही कठड्यावर प्रत्येकाच्या लिपीतले एकेक अक्षर विणले होते आणि तो प्रयोग लोकांना फार आवडला. पण पहिला खर्डा पूर्ण फसला होता. कारण साधेच होते. सुलट विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो. १० सें.मी. मध्ये २२ टाके आणि ३० ओळी बसत असतील, तर चौकटीच्या कागदावर २२ बाय २२ घरांत काढलेले अक्षर कापडावर १० सें.मी. रुंद आणि जेमतेम सव्वासात सें.मी. उंच उतरते. आमची सगळी अक्षरे कोणीतरी वर बसल्यासारखी चपटी झाली होती. तेव्हा आराखडा काढतानाच घरे त्या प्रमाणात आडवी आखून घ्या.

लिपीनुसार अडचणीही बदलतात. देवनागरीला शिरोरेघ असल्याने वरच्या एक-दोन ओळी सरळ जातात आणि अक्षर उठून दिसते. वेलांट्या आणि मात्रांसाठी मात्र वर निदान दहा-बारा ओळी सोडाव्या लागतात. अरबी वळणाच्या तिरप्या, वाहत्या अक्षरांच्या टाक्यांत पायऱ्या होतात, म्हणून ती आम्ही साध्या कापडावर दाभणाने टाक्यावर टाका भरून काढली. क्रोशा येत असेल तर जाळीच्या विणीत, म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या घरांत, अक्षरे सर्वांत सहज उतरतात.

आणि एक गंमत. खालून वर विणत गेले की देवनागरी अक्षर आधी पायाकडून उगवते आणि शिरोरेघ सर्वांत शेवटी येते. शेवटची ओळ पुरी होईपर्यंत ते अक्षर आहे हे बघणाऱ्याला कळतच नाही.

वाटसरू

सगळे खेळीमेळीने चालले आहे, पण मी विरोधी सूर लावणार आहे. खांबांना आणि झाडांना लोकर गुंडाळून 'संस्कृती साजरी' करण्याची ही हौस मला पटत नाही. बहुतेक जण स्वस्त आणि टिकाऊ म्हणून ॲक्रिलिक वापरतात. ते कुजत नाही आणि झिजताना प्लास्टिकचे सूक्ष्म तंतू सोडते. उद्घाटनाला सगळे येतात, छायाचित्रे काढतात आणि उतरवायच्या वेळी कोणी फिरकत नाही. मी राहतो त्या भागात एका उपक्रमातली आवरणे वर्षभर लोंबकळत होती. रंग विटलेला, कोपरे सुटलेले, आत शेवाळ. ज्या समाजाची ओळख म्हणून ते लावले होते त्या समाजाची ती शोभा झाली का? थंडीत त्याच लोकरीच्या कानटोप्या विणून दिल्या असत्या तर काय बिघडले असते?

गुंडाळी

@वाटसरू, तुमचे शेवटचे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि त्याचा मला दरवेळी थोडा रागही येतो. चित्रकाराला कोणी 'या रंगात भिंत रंगवली असती' असे सांगत नाही. विणणाऱ्यांना मात्र उपयोगाचा हिशेब नेहमी द्यावा लागतो, कारण हे घरातल्या बायकांचे काम अशी आपली समजूत आहे.

बाकीचे सगळे मुद्दे मान्य. आवरण उतरवण्याची तारीख आणि उतरवणाऱ्यांची नावे चढवण्याआधी ठरलेली असावीत.

काटकोन

वाटसरू यांच्या मुद्द्यांत मी भरच घालतो. झाडाला मढवायचेच असेल तर काही आठवड्यांपुरते मढवा, खिळे किंवा तारा वापरू नका, कारण साल ओली राहणे आणि दोरा खोडात रुतणे या दोन्हींनी इजा होते. सैल जाळी आणि लोंबते धागे ठेवू नका, पक्ष्यांचे पाय अडकतात. चढउताराच्या जागी लोक आधारासाठी धरतात तो कठडा मुळीच मढवू नये. लोकरीवर हात घसरतो. दिशादर्शक पाट्या, परावर्तक पट्ट्या आणि अंधांसाठीच्या खुणा उघड्या राहिल्या पाहिजेत. शुद्ध लोकर कुजते आणि सहज पेट घेत नाही हे तिचे गुण आहेत, पण ती महागात पडते. लोकांच्या घरात पडून राहिलेल्या अर्ध्या गुंड्या गोळा करणे हा मधला मार्ग मला सर्वांत बरा वाटतो. निदान नवे प्लास्टिक विकत घेतले जात नाही.

लाल कानटोपी

मला थोडे दुसऱ्या बाजूने लिहायचे आहे. विणलेली वस्तू ओळखीची खूण कशी होते याची दोन उदाहरणे देते, कारण त्यांत नमुन्यापेक्षा घालणाऱ्याचा हेतू महत्त्वाचा ठरला आहे.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात असताना लोक लाल लोकरी टोप्या मूक विरोध म्हणून घालू लागले. टोपी जुनीच होती, गावोगावी सगळ्यांकडे असणारी. फेब्रुवारी १९४२ मध्ये तिच्यावर बंदी आली. एका कानटोपीने राज्यकर्ते इतके अस्वस्थ झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उदाहरण पेरूमधल्या तितिकाका सरोवरातील ताकिले बेटाचे. तिथे पुरुष विणतात. मुलगा लहानपणीच सुया हातात घेतो आणि कान झाकणारी 'चुल्यो' नावाची टोपी विणायला शिकतो. टोपीच्या रंगावरून माणूस विवाहित की अविवाहित ते गावाला कळते. बायका मागावर पट्टे विणतात. या वस्त्रकलेची युनेस्कोने २००५ मध्ये दखल घेतली आणि २००८ मध्ये ती मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. तुमच्या गटातल्या चार पुरुषांना हे अवश्य सांगा.

मात्र दुसऱ्याची खूण उचलताना विचार करा. कॅनडातल्या कोवीचन लोकांचे जाड लोकरीचे स्वेटर प्रसिद्ध आहेत. सुयांवरचे विणकाम त्यांनी एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाल्यांकडून घेतले आणि आपल्या जुन्या विणाईच्या ज्ञानाशी त्याची सांगड घातली. २०१० च्या व्हँकूव्हर हिवाळी ऑलिंपिकसाठी अधिकृत कपडे विकणाऱ्या कंपनीने तसेच दिसणारे स्वेटर दुसरीकडून करून घेतले, तेव्हा त्या लोकांनी जाहीर हरकत घेतली आणि अखेर त्यांच्या खऱ्या स्वेटरांना विक्रीत जागा द्यावी लागली. तंत्र बाहेरून आलेले असले तरी स्वेटर त्यांचेच होते, हे अर्धा खांब यांच्या मुद्द्याला जोडून वाचावे.

अर्धा खांब

@लाल कानटोपी, उत्तम उदाहरण, आणि माझे म्हणणे त्याने सुधारले. एखादी रीत किती जुनी आहे यापेक्षा ती आज कोण पोसत आहे हा प्रश्न अधिक बरोबर ठरेल.

उलटसुलट

सर्वांचे मनापासून आभार. परवा बैठक झाली, तिचा वृत्तान्त देते.

सर्व प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवले. गुंडाळी यांच्या सूचनेप्रमाणे आकार १५ सें.मी. आणि काठ गडद निळा असे ठरले. काटकोन यांचा कोपऱ्यापासूनचा चौकोन तिथल्या तिथे सगळ्यांनी विणून पाहिला. पहिल्या तासात अकरा पूर्ण झाले आणि एकावर एक ठेवले तेव्हा कडा खरोखर जुळल्या. पेटीतून काढलेल्या जाकिटांचे आराखडे तसेच राहतील, त्यांच्याखाली विणणाऱ्याचे नाते आणि साल लिहू. आठ पाकळ्यांचे फूल मी स्वतः मागे घेतले. पायऱ्यांचा कठडा वगळला आहे. उतरवण्याची तारीख आणि पाच जणांची नावे परवानगीच्या अर्जाला जोडली आहेत, वाटसरू यांची नजर आमच्यावर आहे असे समजून.

मग मोकळी लडी यांनी सुचवल्याप्रमाणे वीस टाके घालून सगळ्यांनी एकमेकांचे हात पाहिले. बावीस जणांत लोकर धरण्याच्या सात रीती निघाल्या. दोन मावसबहिणींच्या रीती वेगळ्या निघाल्या, कारण एकीला आईने शिकवले होते आणि दुसरीला शेजारणीने. त्यावरून जी चर्चा सुरू झाली ती पाऊण तास चालली, आणि सात महिन्यांत कधी न बोललेली माणसे त्यात बोलली.

काकू मात्र त्या वेळी बाहेर गेल्या होत्या. आमच्या खांबांच्या माथ्यावर लोखंडी गोळे आहेत आणि ते कसे मढवायचे हे कोणालाच सुचत नव्हते. चौकोन गोळ्यावर बसवला की चुण्या पडतात. काकूंनी गोळ्याला एकदा वीत लावून पाहिली, आत आल्या, टाके घातले आणि गप्पा चालू असताना विणत राहिल्या. मापपट्टी त्यांनी हातात घेतलीच नाही. सव्वा तासाने त्यांनी टाके घटवत घटवत माथा मिटवला, शेवटच्या आठ टाक्यांतून लोकर ओढून गाठ मारली आणि ती टोपी माझ्या हातात दिली. बाहेर जाऊन गोळ्यावर चढवली तर एकही चुणी नाही. साधी वीण, नक्षीचा एक टाका नाही. आता सहाही गोळे त्याच मढवणार आहेत, आणि दोन शाळकरी मुले त्यांच्याकडे माथा मिटवायला शिकायला बसली आहेत.

प्रत्येक कामाखाली नावाची पट्टी लावायची आहे, म्हणून तुमच्या पट्टीवर काय लिहू असे मी काकूंना विचारले. नाव नको म्हणाल्या. "टाके किती ते लिही," म्हणाल्या. मी मोजले. ऐंशी भरले.

काटकोन

गोळ्यावरच्या टोप्यांच्या खालच्या कडेत नाडी ओवून ती गळ्याशी घट्ट बांधा. वाऱ्याने टोपी हळूहळू फिरते आणि आठवड्याभरात वर सरकून निघते. काकूंना हे बहुधा माहीत असेल, तरी एकदा विचारून घ्या.